धक्क्यावरची रांग

सॉल्टर्बीच्या किनाऱ्यावर खाणकामगार मंडळाच्या वार्षिक सहलीची बस थांबली तेव्हा ऊन पडले होते. परंतु त्या उन्हात ऊब म्हणून नव्हती. बाकावर बसलेल्या नवऱ्याच्या गळपट्ट्याची गाठ मेव्हिसने नीट केली. मुलगा खाणीत दगावल्यापासून क्लिफर्ड तिच्याशी कामापुरतेच बोलत असे. 'तूच त्याला खाणीत धाडलेस,' हे वाक्य तो उच्चारीत नसे, इतकेच. आज त्याच्या मुखातून एक तरी गोड शब्द काढायचाच, या निश्चयाने तिने त्याला येथवर ओढून आणले होते.

"कुडकुडायला एवढ्या लांब यायचं? घरी काय थंडी कमी होती?" तो म्हणाला.

"चहा आणते. बस जरा."

दोन पेले घेऊन ती परतली, तो समुद्रात दूरवर गेलेल्या लाकडी धक्क्यावर लांबलचक रांग लागलेली, आणि क्लिफर्ड तीत उभा!

"कशाची रे ही रांग?"

"कोण जाणे! लागलीय म्हणजे काहीतरी असेलच की." तो चक्क हसला आणि पुढच्या टोपीवाल्या बाईला म्हणाला, "ही आमची मेव्हिस. फार सोसलंय हो तिनं."

गोड शब्द अखेर उमटला. पण तो परक्या बाईच्या पदरात पडला.

रांग संथपणे सरकत होती. मेव्हिसने टाचा उंचावून पाहिले. धक्क्याच्या टोकाला ना दुकान, ना खिडकी. केवळ कठडा, आणि त्यात एक उघडे फाटक. त्यापलीकडे पाणी. माणसे जात होती. परत कोणीच येत नव्हते. पाण्याचा आवाजही होत नव्हता.

"क्लिफ, चल. बस सुटेल."

"आता? नंबर आल्यावर?"

पेले खाली ठेवून तिने त्याची बाही धरली. बाही ओलीचिंब होती.

"ओ बाई, मध्ये घुसू नका!" मागून कोणी खेकसले. "आम्ही काय हवा खायला उभे आहोत?"

मेव्हिस शरमेने बाजूला झाली. जन्मात तिने कधी रांग मोडली नव्हती.

टोपीवाली बाई गेली.

मग क्लिफर्ड गेला.

ती कठड्याकडे धावली. समुद्र सपाट होता.

"तुम्ही त्यांच्याबरोबरच ना, बाई?" आता पुढे आलेला वृद्ध अदबीने म्हणाला आणि एक पाऊल मागे सरकला. त्याच्यामागची सारी रांग, थेट किनाऱ्यापर्यंत, एकेक पाऊल मागे सरकली. "या. तुमची जागा राखलीय."

नाही म्हणणे असभ्यपणाचे झाले असते.

"आभारी आहे," मेव्हिस म्हणाली.