जेवलात का, आबा?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी धुळ्याच्या देवपुरात रुपचंद नानांचा फोन वाजला, तेव्हा नाना दचकले. त्यांचा फोन सहसा वाजत नसे. वाजलाच तर कर्ज हवंय का, असं विचारणारी एक गोड आवाजाची बाई असे. ती आधीच ध्वनिमुद्रित केलेली असल्यानं तिच्याशी गप्पा मारता येत नसत. नानांनी दोनदा प्रयत्न करून पाहिला होता.

"नाना, मी मंदा. मना भाऊ उना नही!"

मंदाबाई नानांच्या शेजारच्या गल्लीतल्या. त्यांचे भाऊ कौतिक आबा अमळनेरला एकटे राहत. दर आखाजीला आबा मुराळी म्हणून एसटीनं धुळ्याला यायचे आणि बहिणीला माहेरी न्यायचे. बहिणीचे केस पांढरे झाले तरी त्यात खंड नव्हता. यंदा मंदाबाईंनी वाट पाहिली, मग स्वतःच गाडीत बसून अमळनेर गाठलं. दाराला कुलूप होतं.

"त्याच्या मुलाला विचारलं का?"

"जितू म्हणतो, आबा घरातच आहेत. सकाळीच त्यांचा निरोप आला म्हणे, 'जेवलो' म्हणून."

नाना खुर्चीतून उठले. फौजदार म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांनी हरवलेली पुष्कळ माणसं शोधली होती. माणूस हरवला की त्याचे निरोप बंद होतात, हा साधा नियम. इथं निरोप चालू होते आणि माणूस नव्हता. कुणीतरी आबांच्या नावानं जेवत होतं.

अमळनेरला ओट्यावर मंदाबाई डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. शेजारच्या महेकनं कुलूप उघडलं. ती घरातच संगणकाचे वर्ग घ्यायची. आबांची एक किल्ली तिच्याकडे असे.

नाना घरभर हिंडले. स्वयंपाकाच्या ओट्यावर धुळीचा थर. खुंटीवर उपरणं नाही, कोपऱ्यात काठी नाही, कोनाड्यात चष्मा नाही. मोरीजवळ माठ पालथा घातलेला. आणि देवळीत आबांचा मोबाइल चार्जरला लावलेला, जिवंत.

"फोन टाकून गेला," मंदाबाईंचा आवाज चिरकला. "काही बरंवाईट झालं नाना! पितरांच्या नावानं घागर भरायच्या दिवशी हे काय दिसलं मला!"

"आत्या, आधी काहीतरी खा," म्हणत महेकनं केळ्यांची फणी पुढे केली. केळी वाळल्या पानात गुंडाळलेली होती.

नानांनी एक केळं सोललं. "बाजारातली दिसत नाहीत."

"यावलची आहेत. हबीबमामांनी पाठवली."

"मामांची बाग आहे?"

"राखणीला असतात. पूर्वी इथं तेलाच्या गिरणीत होते."

"म्हणजे कौतिक कामाला होता त्याच गिरणीत?"

"हो, एकाच पाळीला." महेकनं केळ्याच्या सालीची नीट घडी घातली. सालीची घडी घालणारं माणूस नानांनी प्रथमच पाहिलं.

तेवढ्यात जळगावहून जितेंद्र गाडीनं आला. तो तिथं एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. इस्त्रीचा शर्ट, कानात इअरफोनची पांढरी बोंडं.

"आत्या, उगाच घाबरवू नकोस. मी रोज बोलतो आबांशी."

"फोनवर?" नानांनी विचारलं.

"मेसेजवर. रोज न चुकता विचारतो."

"शेवटचा आवाज कधी ऐकलास?"

जितेंद्रनं कानातली बोंडं काढली. "कामाचा लोड असतो, काका."

"फोन दाखव."

नाना दिवाळीपासून वाचू लागले. रोज एकच प्रश्न: 'आबा, जेवलात का?' त्याखाली आबांचं उत्तर, त्याखाली 'छान. काळजी घ्या.' दिवाळीत प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या वेळी येत होता. मग तो रोज थोडाथोडा उशिरा येऊ लागला. संक्रांतीच्या सुमारास पार झोपेची वेळ झाली. एका रात्री आबांना झोप लागली असावी. त्यांनी सकाळी उठून उत्तर दिलं, आणि पुढच्या दिवसापासून 'जेवलात का' सकाळी, तोंड धुण्याच्या वेळेला येऊ लागलं. तिथूनही ते सरकत राहिलं. होळीनंतर मात्र सरकणं एकदम थांबलं. तेव्हापासून रोज तीच वेळ, आणि त्याच मिनिटाला आबांचं उत्तर: 'जेवलो.'

होळीच्या थोडं आधी आबांनी लिहिलं होतं: 'मोरीत पाय घसरला. पडलो. उठता येत नव्हतं.'

खाली उत्तर होतं: 'छान. काळजी घ्या.'

नानांनी तेवढं मोठ्यानं वाचलं. मंदाबाई भाच्याकडे बघत राहिल्या. जितेंद्रचा चेहरा उतरला.

"हे... हे मी वाचलंच नव्हतं."

"ते कळलं. बस." नाना खाटेवर टेकले. "मंदाताई, रडू नका. कौतिक जिवंत आहे. इथं गुन्हा झालाय, पण खुनाचा नाही."

"मग कशाचा?"

"सांगतो. जितेंद्र, एसटी कधी सुटते?"

"वेळ झाली की."

"आणि काळीपिवळी जीप?"

"भरली की."

"तुझा निरोप काळीपिवळीसारखा सुटतो. माणूस विचारत असता तर कधी लवकर विचारलं असतं, कधी उशिरा, कधी विसरला असता. हा प्रश्न कधी लवकर येतच नाही, फक्त मागे सरकतो. का? तर आधीच्या उत्तराची वाट बघतो, उत्तर आलं की तिथून पुढे एक दिवस मोजतो आणि मग सुटतो. आबा चष्मा शोधणार, एकेक अक्षर हुडकणार. जेवढा वेळ ते घेणार, तेवढा उद्याचा प्रश्न पुढे जाणार. हा मुलगा नव्हे, प्रोग्राम आहे."

जितेंद्रनं हातातली बोंडं खिशात घातली. "विसरायला व्हायचं, काका. म्हणून लिहिला. उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग एक दिवस झोपायचं, मग परत विचारायचं. असिंक म्हणतात त्याला. दरम्यान बाकीची कामं अडत नाहीत."

"म्हणजे वाट बघायची, पण वाट बघत बसायचं नाही," महेक हळूच म्हणाली.

"आता बाई तुझ्याकडे येतो," नाना म्हणाले. "होळीनंतर सरकणं थांबलं. म्हणजे उत्तराला वेळ लागेनासा झाला. कौतिकच्या बोटांना या वयात एवढा वेग कुठून आला? त्यानं उत्तर देणं सोडलं आणि दुसरा प्रोग्राम देऊ लागला. या गल्लीत तो लिहिणारं एकच माणूस आहे, किल्लीही तिच्याकडे आहे आणि ते माणूस सालीच्या घड्या घालतं."

महेकनं मान खाली घातली. "आबांनीच सांगितलं, नाना. पडले त्या दिवशी मीच उचललं त्यांना. 'छान' वाचून ते हसले, मग दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पोरी, मलाही तसलं एक करून दे. बघू दोघांची किती दिवस पटते."

"आणि मी त्याच्यासाठी सुनेच्या हातची पुरणपोळी बांधून आणली!" मंदाबाईंनी पिशवी पोटाशी धरली. दीड महिना दोन यंत्रं एकमेकांना जेवायचं विचारत होती, आणि दोन्ही उपाशी होती.

"कौतिक स्वतःच्या पायांनी गेला," नाना म्हणाले. "पळवून नेलेला माणूस माठ पालथा घालत नाही. जितेंद्र, गाडी काढ. यावल. गिरणीतला त्याचा सोबती तिथंच राखणीला आहे."

केळीच्या बागेत बाहेरच्यापेक्षा गारवा होता. हबीबच्या खोपीपुढे कौतिक आबा काठी टेकून उभे होते. पाय अजून थोडा ओढत होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही, बहिणीकडे पाहिलं.

"मंदे, मना नावनी घागर भरी टाकी का?"

"आज भरणारच होते, मेल्या!" मंदाबाईंनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथंच डोकं टेकून रडल्या.

"मुराळी आलो असतो तर मी घरी राहत नाही हे तू जितूला कळवलं असतंस. मग मला कोण शोधतं ही परीक्षाच बुडाली असती," आबा म्हणाले. "पास कोण झालं म्हणशील, तर तू. तू न विचारता आलीस."

जितेंद्र पुढे झाला. बोलायला तोंड उघडलं, पण त्याला रोजच्याशिवाय वाक्य सापडेना.

"आबा, जेवलात का?"

"नाही," आबा म्हणाले. "थांबतोस?"

हबीबनं केळीचं आणखी एक पान कापलं.

नाना जेवायला थांबले नाहीत. कायद्यात या गुन्ह्याला कलम नव्हतं, आणि त्या पंगतीत त्यांचं पान नव्हतं. एसटीनं देवपुरात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. कुलूप काढता काढता खिशातला फोन थरथरला. पुण्याहून मुलगी, सारिका.

'बाबा, चहा झाला का?'

काल याच वेळी आला होता का? की थोडा आधी? बोटानं वर सरकवलं की सगळं कळलं असतं. नानांचं बोट काचेवर टेकलं आणि तिथंच राहिलं.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, 'झाला गं.'

आणि खोटं बोलल्यासारखं नको म्हणून एक कप आधण ठेवायला आत गेले.