स्टुलाभोवतीची जागा

शाळेतून फोन आला तो एवढ्यासाठीच, की माझ्या धाकट्या बहिणीचा अ‍ॅप्रन आणि चित्रांची फाईल अजून कपाटात आहे, कुणीतरी येऊन घेऊन जा. आई फोन हातात धरून नुसती बसली. मग मीच गॅरेजमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली.

मी आठवीत शाळा सोडली. गाड्यांना रंग मारतो. धाकटी दहावीत होती. तिच्या शाळेत नववीपासून कलेचे चार वर्ग असतात: मातीकाम, छापे, फोटो आणि रेखाटन. प्रत्येकाने एक निवडायचा. हात खराब होतात म्हणून तिने मातीकाम सोडून रेखाटन घेतलं, आणि रोज कोळशाने काळीठिक्कर होऊन घरी यायला लागली. "शाळेत जातेस की खाणीत?" आई विचारायची.

पाच आठवड्यांपूर्वी ट्रकने तिला सायकलसकट उडवलं. काकांनी मला तिचा चेहरा बघू दिला नाही. खांदे धरून दारातच अडवलं. "चांगली आठवण राहू दे रे," म्हणाले. कसली आठवण? तेव्हापासून डोळे मिटले की तिची वेणी दिसते, दप्तर दिसतं, पण चेहऱ्याच्या जागी काहीच येत नाही. फोटो बघितला तर तो फोटोच वाटतो. मला ती एकदा नीट दिसायला हवी होती. बाकी काही नको होतं.

दुपारचे तीन वाजले असतील. चित्रकलेच्या बाई वर्गात एकट्याच होत्या. खोलीला टर्पेंटाइनचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. मधोमध एक रिकामं स्टूल आणि त्याभोवती गोल करून तेरा बाकं. बाईंनी फाईल दिली, अ‍ॅप्रन दिला. मी निघालो तरी त्या कपाटापाशीच उभ्या.

"अरे, थांब जरा... तुला एक दाखवू का? दाखवावं की नाही, कळत नाही मला."

त्यांनी बारा कागद टेबलावर पसरले. म्हणाल्या, "मुलांना एक धडा असतो. वस्तू काढायची नाही. वस्तूभोवतीची रिकामी जागा काळी करायची. वस्तू आपोआप पांढरी उरते."

मला लगेच कळलं. आम्ही गाडीच्या काचेवर कागद चिकटवतो आणि भोवती रंग मारतो, तसंच.

"ती गेल्यावर पहिल्या तासाला मी हे रिकामं स्टूल ठेवलं होतं. पुढच्या तासालाही. हे त्या दुसऱ्या तासाचे कागद. कुणी कुणाचा कागद बघत नाही. आणि तरी..."

बाराही कागदांवर स्टूल पांढरं उरलं होतं. पण स्टुलावर कुणीतरी बसलं होतं. खांदे, मान, डोकं, सगळं पांढरं. दोन चित्रं बाजूने काढलेली होती. त्यात कपाळाखाली नाकाचा शेंडा किंचित वर उचललेला.

"नाक!" मी ओरडलोच. "बाई, तिचंच आहे. असंच होतं."

पाच आठवड्यांनी मला तिचं नाक आठवलं. भीती वाटायला हवी होती, पण मला हसू येत होतं. नाक बेसिनच्या दिशेला होतं. बेसिनच्या पुढ्यात तेरावं बाक होतं, धाकटीचं. तिथे बसून कुणी चित्र काढलंच नव्हतं.

"मी बसतो तिथे," म्हटलं. "समोरून बघतो."

"या पद्धतीत चेहरा येत नाही रे. फक्त कड येते."

"कागदावर नको येऊ दे. मला दिसेल ना!"

बाई काही बोलायच्या आत मुलं आली. मी अ‍ॅप्रन गळ्यात घालून बसलोसुद्धा. मुलं माझ्याकडे बघून कुजबुजली आणि आपापल्या बाकावर बसली. बाईंनी फळीवर कागद लावून दिला.

बारा कोळसे कागदावर चालायला लागले. सुक्या पाल्यातून सरडे फिरावेत तसा आवाज. मी टक लावून स्टुलाकडे बघत होतो. पायांमधली जागा काळी केली, मग बाजूची. बाहेर ढग आले असावेत, कारण उजेड कमी झाला. पापण्यांना गार लागत होतं. पण स्टूल मला दिसत होतं, शपथेवर सांगतो. त्याची जागा मी जपून कोरी ठेवत होतो.

"थांबा," बाई म्हणाल्या, आणि उजेड परत आला.

माझा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा होता. स्टूल नाही, काही नाही.

"दादांनी तर अमावस्याच काढली," शेजारचा म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं.

समोर बसलेली चष्मेवाली मात्र हसली नाही. ती आपला कागद घेऊन माझ्याकडे आली. "दादा, तुम्ही स्टुलाच्या मागे दिसत होतात ना, म्हणून मी तुमच्याभोवतीचंही काळं केलं. पण तुम्ही सगळा वेळ डोळे का झाकून घेतले होते?"

तिच्या कागदावर मी पांढरा उरलो होतो. एक हात फळीवर, एक कागदावर. आणि माझ्या कानांपाशी दोन्ही बाजूंना आणखी दोन कोपरं बाहेर आली होती. माझ्या डोक्याच्या वर दुसऱ्या डोक्याची कड होती.

मी उठून बेसिनवरच्या आरशात पाहिलं. दोन्ही पापण्यांवर कोळशाची बोटं उमटली होती. बारीक बोटं. त्यांची टोकं नाकाकडे होती. आपण आपलेच डोळे झाकले तर बोटं कपाळाकडे जातात. लहानपणी ती अशीच मागून यायची, डोळे झाकायची आणि म्हणायची, "ओळख पाहू कोण?" मी मुद्दाम भलतीच नावं घ्यायचो.

"ती माझ्या मागे होती, बाई," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "स्टुलावर नव्हतीच. माझ्या मागे होती."

बाकीचे कागद बाईंच्या हातात होते. त्यांनी वरचा माझ्यासमोर धरला. मग त्याखालचा. मग त्याखालचा.

धाकटी माझ्या मागे होती, तरी स्टुलावर आजही कुणीतरी बसलेलं होतं. फक्त आज ते ताठ नव्हतं. स्टुलाच्या कडेवर येऊन, मान लांब करून, माझ्या बाकाकडे वाकलं होतं.