प्रश्नातला ‘नाय’

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हरेशचा मेसेज आला : ‘आपले जमणार नाही.’

रंजिता तेव्हा मुरबाडच्या डीटीपीच्या दुकानात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं शुद्धलेखन तपासत होती. ‘शुभविवाह’वर ठेवलेलं बोट तिथेच राहिलं. रविवारी शेणव्याला, तिच्या घरी, तिला बघायला पाहुणे येणार होते. काय विचारायचं ते त्याआधी विचार, असं तिनेच हरेशला सुचवलं होतं. आणि हे उत्तर?

ओळख याच दुकानातली, तीन महिन्यांपूर्वीची. सिद्धगडाच्या पायथ्याचा हरेश रोपवाटिकेचा बोर्ड करायला आला होता. चिठ्ठीवर लिहिलेलं : ‘भेंडीची रोपा मिलतील.’

“मिलतील नाही, मिळतील,” रंजिता खुदकन हसली. “आणि रोपा नाही... रोपं.”

“रोपा तशीच उगवतात, मॅडम. शुद्धलेखन बघून नाय उगवत.”

“मॅडम कशाला? रंजिता म्हणा.”

“मंग ते तरी नीट लिवायला शिकवा.”

शिकायला तो दर आठवड्याला येऊ लागला. पण ते हसणं त्याला कुठेतरी टोचलं होतं. महिनाभर तो फोनमधल्या एआयकडून मेसेज शुद्ध करून घेत होता. त्यानेच तिला सांगितलं होतं — “म्हंजे तू नाय हसायची गो.” मेसेज स्वच्छ येत, त्यांत त्याचा आवाज तेवढा नसे.

दहा वाजता दुसरा मेसेज आला : ‘आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत.’

नकार देऊन हा उत्तर कसलं मागतोय?

तिने पहिली ओळ पुन्हा वाचली... त्याच्या बोलीत, मोठ्याने. मग कॉम्प्युटरवर एआय उघडून टाइप केलं : ‘आपला जमल नाय’. शुद्ध होऊन आलं : ‘आपले जमणार नाही.’

हरेशच्या बोलण्यात शेवटचा ‘नाय’ म्हणजे ‘ना’. जमेल ना? प्रश्नचिन्ह तो कधी देतच नसे. ते त्याच्या आवाजात असायचं.

तिने फोन लावला. लागला नाही. रोपवाटिकेत रेंज नसते. मेसेज करायला तो टेकाडावर चढतो.

तिने लिहिलं : ‘जमल रे. नाय कशाला जमायचा?’

फोनने विचारलं, मजकूर सुधारायचा का? तिने ‘नको’ दाबलं आणि मेसेज पाठवला.

साडेअकरा वाजता त्यापुढे एकच टिक होती.