मोजलेलं डोकं

ही गोष्ट खरी आहे. सादीरआजोबा आयुष्यभर एकच खोटं बोलत आले. त्या खोट्याचीच ही गोष्ट.

मागच्या मार्चमधला गुरुवार. दुपारचे तीन. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक, तिथलं मुलांचं रुग्णालय.

त्यांची नऊ वर्षांची नात आयपेरी आत होती. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. मांडीतून बारीक नळी डोक्यापर्यंत नेऊन तो फुगा तारेच्या वेटोळ्याने भरायचा होता.

फुटायच्या आत.

सकाळी डॉक्टर जिल्दिझ यांनी विचारलं होतं, "घरात आधी कुणा मुलाला असं झालं होतं का?"

"नाही."

"नीट आठवा, आजोबा. चाळीस वर्षं वाचनालय सांभाळलंत म्हणे."

"नाही," ते पुन्हा म्हणाले.

झालं होतं. त्यांच्या मुलीला, बातमाला. सात वर्षांची होती. डोकं दुखतं म्हणून रडायची. गावातल्या डॉक्टरांनी शहरात न्यायला सांगितलं. सादीरच्या आईने मात्र त्यांच्या डोंगराळ नारिन भागातल्या जुन्या रीतीप्रमाणे डोकं दोरीने मोजलं. म्हणाली, मेंदू एका बाजूला सरकलाय. मग रुमाल आवळून बांधला, पोरीच्या दातांत पिठाच्या चाळणीची कड दिली आणि चाळणीवर ठोके मारले. मेंदू जागेवर यावा म्हणून.

डोकं सादीरने धरलं होतं. पुस्तकं वाचलेल्या सादीरने. आईला नाही म्हणवेना.

तिसऱ्या दिवशी बातमा गेली. गावाला सांगितलं, घोड्यावरून पडली.

रुग्णालयात ते बाकावर बसले होते. फरशी पुसणाऱ्या बाईच्या बादलीचा आवाज थांबला. मग पावलं थांबली...

आणि मग...

टक. टक. टक.

वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

संध्याकाळी आयपेरीने डोळे उघडले. फुगा बंद झाला होता. ती हळूच म्हणाली, "आजोबा, ती मुलगी कोण?"

"कुठली गं?"

"तिच्या दातांत चाळण आहे. बोलता येत नाही तिला. नुसतं तुमच्याकडे बोट दाखवते."

ते उठले. डॉक्टरांच्या दारात उभे राहून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "घरात आणखी कोण लहान आहे?"

आयपेरीची धाकटी बहीण होती. एकदम ठणठणीत. तपासलं...

तिच्याही डोक्यात फुगा होता.

तोही वेळेत भरला. दोघी आज शाळेत जातात.

इतकी वर्षं घरात राहिलेली ती चाळण आजोबांनी चुलीत घातली. आवाज गेला नाही. स्वयंपाकघरात, भर दुपारी... टक. टक. टक.

"सांगितलं ना बाळा सगळं," ते म्हणतात.

सगळं सांगितलं नव्हतं. परवा माझ्याजवळ बोलले, मान खाली घालून. आईचे ठोके असे नव्हतेच. तिचे जड असायचे, थांबून थांबून. हे तीन हलके ठोके बातमाचे होते. तोंडात चाळण, म्हणून ती त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर बोटाने वाजवत होती.

सोडा, बाबा.

त्यांनी सोडलं नव्हतं.

तेव्हापासून ते घड्याळ घालत नाहीत. पण बोलताना त्यांचा डावा हात मांडीवर होता, आणि रिकाम्या मनगटाकडून...

मीही ऐकलं.