मेलेले उंदीर कुठे गेले?

मिरजेच्या जीवलेख भांडारात डॉ. अंबुजा तोरस्कर स्वतःचाच शोधनिबंध तिसऱ्यांदा वाचत होत्या. नाव त्यांचं, आकृत्या त्यांच्या. निष्कर्ष मात्र आगंतुकासारखा येऊन बसला होता.

"मुल्लासाहेब, यातले माझे मेलेले उंदीर कुठे गेले?"

भांडारप्रमुख इरफान मुल्ला गोंधळले. "मेलेले?"

"या औषधाने निम्मे उंदीर यकृत सडून मेले, असं मी लिहिलं होतं. इथे सगळे ठणठणीत आहेत. मेलेली जनावरं उठवायला मी काय मांत्रिक आहे?"

संगणकातली साठवण बंद पडल्यापासून जगातलं संशोधन जिवाणूंच्या डीएनएमध्ये लिहिलं जाई. जिवाणूंना अक्षरं दिली, अक्कल देणं कोणाला सुचलं नाही. भांडाराची रीत शेजारणींच्या विरजणासारखी होती. निबंधाचा संदर्भ द्यायचा असेल त्याने त्या निबंधाच्या बाटलीतलं थेंबभर न्यायचं, आपल्याकडे वाढवायचं आणि वाढलेल्यातलं परत आणून मूळ बाटलीत घालायचं. बाईंच्या या निबंधाला हजारो उद्धरणं होती. त्याच जोरावर सोमवारी माणसांवर चाचणी सुरू होणार होती.

"नक्कल करताना जिवाणू एखादं वाक्य गाळतात," मुल्ला म्हणाले.

"गाळू देत. नेमके माझेच उंदीर बरे गाळले?"

"गळत काहीही असेल. पण उंदीर गळालेली प्रत लोकांना आवडली. आवडली म्हणून नेली, नेली म्हणून वाढली. खरी प्रत कोणी नेईना, ती बाटलीतच मागे पडून संपली."

"मग लबाडी केली कोणी?"

"कोणीच नाही."

एवढं सगळं बिघडवायचं आणि करणारा कोणीच नाही. बाईंना राग कोणावर काढावा ते कळेना. "माझे बाकीचे निबंध?"

"त्यांना कोणी हातच लावला नाही. शब्दन्‌शब्द जागेवर आहे."

बाईंनी चाचणीप्रमुख डॉ. पाटणेंना फोन लावला.

"मॅडम, मी तुमच्याच निबंधावर चाललोय."

"आणि मीच सांगतेय, थांबा."

"तोंडी सांगण्यावर कसा थांबू? भांडारात दुरुस्ती ठेवा. तिचा संदर्भ देऊन थांबवतो."

बाईंनी तिथेच बसून दुरुस्ती लिहिली. 'सगळे उंदीर जगले, असं माझ्या निबंधात आढळतं. ते खोटं आहे. निम्मे उंदीर मेले.' मुल्लांनी ती नव्या बाटलीत घातली. पाटणेंनी पहिला थेंब नेला आणि चाचणी थांबली. मग इतर प्रयोगशाळांनी रांग लावली. बाईंच्या कोणत्याही लिखाणाला इतक्या झपाट्याने उद्धरणं मिळाली नव्हती. मुल्ला मात्र रोज ती बाटली उजेडात धरून बघत.

वर्षभराने नागपूरहून एका तरुण डॉक्टरचा फोन आला.

"नमस्कार मॅडम. उद्या आम्ही रुग्णांना पहिला डोस देतोय."

"माझी दुरुस्ती वाचली नाही का तुम्ही?"

"वाचली ना. तुम्ही स्वतः पुन्हा लिहिलंय, सगळे उंदीर जगले. त्यानेच तर आम्हाला धीर आला."