सरकतं गेट

नानांची सगळी नोकरी लिफ्ट तपासण्यात गेली. दारात माणूस असताना दार मिटता कामा नये, एवढं बघायचं आणि सही ठोकायची. त्यामुळे घराला विजेवर चालणारं गेट बसवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी दुकानदाराला घाम फोडला. दोन पल्ल्यांचं की सरकतं? सरकतं, पल्ले फार जागा खातात. वीज गेली तर? किल्लीने मोटर सोडवा, हाताने ढकला. गज की पत्रा? इथे मात्र त्यांची बायको, नानी, पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाली, "गज असू देत. बाहेरचं माणूस दिसतं."

"म्हणूनच पत्रा," नाना म्हणाले.

माणूस म्हणजे कोण, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी मुलाने चार पाहुण्यांदेखत "तुम्ही बाप नाही, यंत्र आहात" असं सुनावलं होतं आणि नानांनी त्याला घर बंद केलं होतं. तरी ते संध्याकाळी फिरायला बाहेर पडले की तो आईला भेटून जायचा, हे त्यांना गेल्याच महिन्यात कळलं. राग तर कायम नाकावरच. त्यांनी फिरणं सोडलं आणि गेटचं मनावर घेतलं.

मिस्त्रीने दोन दिवसांत काम उरकलं. खाली रूळ, कोपऱ्यात मोटर, दोन्ही खांबांवर समोरासमोर सेन्सर. मध्ये कुणी आलं की लाल दिवा, वाट मोकळी असली की हिरवा. बाहेर बेल आणि बोलायचा डबा, त्याचा रिसीव्हर आत स्वयंपाकघराच्या भिंतीवर. रिमोट दोन. दोन्ही नानांनी खिशात टाकले.

"एक मला?" नानीने विचारलं.

"तुला कुठे जायचंय?"

त्या दिवसापासून नानी त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास गेट आपसूक उघडलं. नाना व्हरांड्यात खुर्चीवर, रिमोट खिशात. गेट पूर्ण सरकलं आणि थांबलं. रस्ता रिकामा होता. दिवा लाल झाला, एक पाऊल टाकायला लागेल तेवढाच वेळ लाल राहिला आणि पुन्हा हिरवा झाला. गेट मिटलं.

धूळ असेल म्हणून नानांनी सेन्सरची काच पुसली. दुसऱ्या दिवशी सहाला तेच. त्यांनी मिस्त्रीला बोलावून फैलावर घेतलं. त्याने मशीनची मेमरी पुसून दोन्ही रिमोट नव्याने नोंदवले. नोंदलेल्या रिमोटचा आकडा आला तीन. पुन्हा पुसलं, पुन्हा तीन.

"तिसरा कुणाला दिलाय का?" मिस्त्रीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हत्यारं पिशवीत भरली.

त्या संध्याकाळी नानांनी आठ महिन्यांत पहिल्यांदा मुलाला फोन लावला. "माझ्या गेटचा रिमोट कुठून पैदा केलास?"

"कुठलं गेट?" मुलगा म्हणाला. तो ऑफिसात होता. मागे माणसं बोलत होती. इकडे नानांच्या डोळ्यांसमोर गेट सरकत होतं.

दुसऱ्या दिवशी नानांनी मेन स्विचच पाडला आणि सहाला खांबाशी जाऊन उभे राहिले. गेट उघडलं, मोटरचा आवाज न होता. वीज नसताना दिवा लाल झाला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावर यायचा तसा कुबट वास त्यांच्या अंगाला घासून घराकडे गेला. रोज काहीतरी आत येत होतं. बाहेर जाताना दिवा एकदाही लाल झाला नव्हता.

नानांची पाचावर धारण बसली. घरात येऊन त्यांनी मेन स्विच पुन्हा चढवला आणि फोन उचलला. "चुकलं माझं," ते मुलाला म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून उभ्या जन्मात कुणी ऐकले नव्हते. "उद्या ये. आम्हाला घेऊन जा."

नानी ऐकत होती. तिने लगेच बॅग भरायला घेतली, आणि भरता भरता ती चक्क गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बेल वाजली. नाना धावतच गेटपाशी गेले. रिमोट दाबला. काही नाही. किल्लीने मोटर सोडवली, खांदा लावला. गेट तसूभर हललं नाही.

"थांब रे, उघडतोय!"

पलीकडून मुलाचा आवाज आला. तो त्यांच्याशी बोलत नव्हता, डब्याशी बोलत होता.

"नाना, कालच बोलावलंत ना तुम्ही?"

"अरे, मी इथे आहे!" नानांनी पत्र्यावर मुठी आपटल्या. आवाज झाला नाही.

"आईलाही माझं तोंड बघायचं नाही? तिने सांगितलं असं?"

डब्यातून काहीतरी खरखरलं.

"बरं. पुन्हा नाही येणार."

गाडीचं दार लागलं. गाडी गेली. मग नानांच्या हाताखाली गेट अलगद सरकलं.

ते धापा टाकत स्वयंपाकघरात आले. नानी रिसीव्हरजवळ उभी होती. बॅग पायाशी.

"गेला तो," नाना म्हणाले.

"घालवलात तुम्ही. माझ्या डोळ्यांदेखत, या इथे उभं राहून. मी रिसीव्हर ओढायला गेले तर केवढ्याने धरलंत मला."

तिने मनगट पुढे केलं. त्यावर पाच बोटं लालभडक उमटली होती.

नानांनी नकळत आपला हात त्यावर ठेवून पाहिला. बोट न् बोट जुळलं.