पितळी पंप

पहिल्यांदा मला त्याचे पाय दिसले. नुसते पाय! आमच्या आंब्याच्या बागेत मांगराशेजारी – सामानसुमानाच्या खोपटाशेजारी – तीन वर्षं बंद पडलेली जीप उभी होती. तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत लाल मातीत माखलेले, आणि आत कसलीशी खटखट चाललेली. मी आठ दिवस देवगडला मावशीकडे राहून त्याच सकाळी परतले होते आणि बावीवरून कळशी भरून आणत होते. बाबा घरात नव्हते. मग हा कोण? चोरच की! गाडी बंद आहे म्हणून काय तिचे नटबोल्ट काढून न्यायचे?

मी आरडाओरडा केला नाही. सरळ कळशी त्या पायांवर उपडी केली.

खटखट थांबली. पाय मात्र जागचे हलले नाहीत. गाडीखालून शांत आवाज आला –

“पाणी थंड आसा. बावीचा काय?”

“चोराक थंड काय नि गरम काय! भायर ये आधी!”

“येतंय. पण वायच तो अर्ध्या इंचाचो पानो दी. तुझ्या पायाकडेच पडलो आसा.”

आणि मी – माझी मलाच अजून चीड येते – वाकले आणि पाना त्याच्या हातात दिला!

मग तो सरपटत बाहेर आला. नाकावर काजळीचा पट्टा, केसांत आंब्याचा मोहर अडकलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू माझ्या कळशीचीच तो सकाळपासून वाट बघत होता. “मी विश्राम. पिंगुळीचो. चोर नाय, मेस्त्री. बाबांनी बोलवल्यानी माका.”

“मगे आधी सांगूक काय झाला?”

“तू इचारलंस खंय? तू पाणी ओतलंस.”

अस्सा राग आला म्हणता! रिकामी कळशी उचलली आणि पाय आपटत परत बावीकडे निघाले. एकोणीस वर्षांच्या आयुष्यात कुणी माझ्यावर अशी कुरघोडी करण्याची ती पहिलीच वेळ.

ही एकसष्ट सालची गोष्ट. तेव्हा आंब्याच्या पेट्या देवगड बंदरातून बोटीने मुंबईला जायच्या. आमची बाग बंदरापासून चार मैल आत, आणि मध्ये सगळा सडा. ना रस्ता, ना झाड, नुसता काळा-तांबडा कातळ, त्यात खड्डे आणि धोंडे. बायका डोक्यावरून पेट्या न्यायच्या. ह्या सड्यासाठीच बाबांनी बेळगावला लष्कराच्या लिलावात जीप घेतली होती. दोन मोसम चालवलीही झोकात. मग बाबा आंब्यावरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा कायमचा दुखावला. त्या गाडीचं स्टिअरिंग म्हणजे, त्यापेक्षा मारका बैल बरा! चाक धोंड्यावर आपटलं की चक्र हिसडा मारून हातातून सुटायचं. बाबांना ते झेपेना. गाडी उभी राहिली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

विश्राम बेळगावच्या एका गॅरेजात पाच वर्षं काम शिकलेला. त्याने बाबांना कबूल केलं होतं, की इंजिन उतरवून नीट करीन, टप आणि दारं काढून गाडी हलकी करीन, आणि स्टिअरिंगला जोर द्यायला एक पंप बसवीन. इंजिन फिरलं की पट्ट्याने पंप फिरणार, पंप तेल रेटणार, तेल दांड्याला रेटणार, आणि चाकं वळवायला माणसाचं नुसतं निमित्त. असला पंप दुकानात मिळत नाही. तो इथेच घडवायचा. तोवर मेस्त्री मांगरात राहणार आणि जेवणार आमच्याकडे.

“तेलान गाडी वळतली? आमच्या येळार तेलान नुसती भजी तळत,” बाबांची थोरली बहीण, आमची अक्का म्हणाली. पण त्याच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला तो तिनेच.

दुसऱ्या आठवड्यात इंजिन उघडून पडलं. मी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तांदूळ निवडत होते.

“मथुरा, हात मोकळे आसत?”

“तांदूळ निवडतंय. दिसणा नाय?”

“तांदूळ अक्कांक दी. ह्या धर.” त्याने माझ्या हातात एक काठी दिली. तिच्या टोकाला इंजिनाचा व्हॉल्व्ह चिकटवलेला. खाली कसलासा खरखरीत लेप लावून तो भोकात बसवला आणि म्हणाला, “दोनय तळव्यात धरून फिरव. रवी फिरवतंस ना, तशी.”

“ताक येतला काय हेच्यातून?”

“लोणी येतला. कान देवन आयक.”

आधी करकर... करकर... मग हळूहळू आवाज मऊ होत गेला आणि एकदम गुळगुळीत झाला. विश्राम मान डोलावून म्हणाला, “झाला. बसलो आपल्या जाग्यार.” मग वेग दाखवायला त्याने माझ्या हातांवर हात ठेवले – क्षणभरच – आणि पटकन काढून घेतले. दोघांच्याही हातांना सारखंच काळं लागलेलं. त्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत मी हात धुतले नाहीत. अक्का ओरडली तेव्हा धुतले.

पुढे रोज मला काम मिळू लागलं. त्याने बाबांचा ताणकाटा मागून घेतला, त्याचा आकडा स्टिअरिंगच्या चक्राला अडकवला आणि म्हणाला, “ओढ.” चक्र हललं तेव्हा काटा चौदा शेरांवर गेला आणि माझं मनगट भरून आलं.

“माका कित्याक ओढूक लायतंस? बाबली आसा, महादू आसा. रेड्यासारखे गडी आसत दोघव.”

“रेड्यांचा काम नाय. तुझ्या मनगटाक जमला, तर बाबांच्या खांद्याक जमतला. म्हणान तुझाच मनगट होया.”

“नुसता मनगटच?”

तोंडातून निघून गेलं! तो ताणकाट्याकडे बघत राहिला. कान मात्र तांबडे झाले. “सध्या... मनगटच,” म्हणाला.

पंपाचं चित्र त्याने मांगराच्या जमिनीवर कोळशाने काढलं. मग फणसाच्या लाकडाचा साचा कोरला आणि तो घेऊन कणकवलीच्या तांबटाकडे गेला. चौथ्या दिवशी परत आला तो पंच्यात गुंडाळलेलं पितळेचं भांडं घेऊन. बाळाला आणावं तसं उराशी धरून! आतली दोन दातेरी चाकं कुठल्याशा मोडीत निघालेल्या लाँचमधली होती.

“तांबट म्हणालो, आजपर्यंत समयो ओतलंय, ह्या काय आसा? मी म्हटलंय, ही पण समयच. तेल होया, वात नको.”

मी हसले. तो बघत राहिला. मी हसणं थांबवलं तरी बघतच होता.

“काय?”

“काय नाय. परत हसलंस तर सांगतंय.”

आणि मी, हट्टाने, दिवसभर हसले नाही. इतकी मूर्ख होते मी!

पंपाची पहिली परीक्षा मात्र फसली. इंजिन फुरफुरलं, पंप फिरला, आणि दांड्याजवळून तेलाची जी चिळकांडी उडाली ती थेट खळ्यात वाळत घातलेल्या अक्काच्या पापडांवर! चाळीस पापड. अक्काने कपाळावर हात मारला. “मेल्या, तळूक सांगलंय हुता काय तुका?” बाबली आणि महादू पोट धरून हसत सुटले. विश्रामने सगळे पापड एकेक करून पुसले. दुपारी जेवताना त्यातलाच एक पापड आवडीने खाल्ला आणि म्हणाला, “अक्कानू, बरो लागता.” त्यानंतर अक्का त्याच्या बाजूची झाली.

बाहेरच्या चामड्याच्या वायसरात, म्हणजे तेल अडवणाऱ्या चकतीत, दोष होता. ते नवं कापावं लागणार होतं.

त्याच संध्याकाळी त्याचं पत्र आलं. मामाच्या ओळखीने मुंबईच्या एका कारखान्यात त्याची सोय झाली होती. पाडवा झाला की हजर व्हायचं. त्याने ते बाबांना वाचून दाखवलं, नेहमीच्या शांत आवाजात. बाबा म्हणाले, “बरा झाला रे. गाडी चलली काय तू जा.” मी दाराशी उभी होते. आणि मला लख्ख कळलं, की ही गाडी चालायला मला नकोय. बाबांचा खांदा, आंबा, बोट, सगळं खरं – पण गाडी चालली की विश्राम जाणार. मी त्याला जीव लावून बसले होते आणि हे त्याला सांगायचं कसं, ते मला ठाऊक नव्हतं. एरवी तोंडाला कुलूप नसलेली मी!

दुसऱ्या दिवशी मांगरात गेले. तो चामडं भिजत घालत होता.

“तर मुंबयक जातंस.”

“बोलवल्यानी आसा.”

“मगे जा. आमी काय धरून ठेवलाव?”

त्याने वर पाहिलं. “कोणी धरून ठेवल्यान तर...”

“तर काय?”

“काय नाय. ती सुरी दी.”

मी सुरी दिली. त्याने वायसर कापलं. आणि तो हात धुवायला गेला तेव्हा कापून ठेवलेलं नवं वायसर उचललं आणि तांदळाच्या कणगीत टाकून दिलं. हो, टाकलं! पाप म्हणा, काय वाटेल ते म्हणा.

त्याने शोधलं. माझ्याकडे पाहिलं. बसून दुसरं कापायला घेतलं. पहिलं त्याने अर्ध्या तासात कापलं होतं. दुसऱ्याला तीन दिवस लावले. कड घासायचा, उन्हाशी धरून बघायचा, पुन्हा घासायचा. मी शेजारी बसून आंब्याच्या पेट्यांसाठी पेंढा सारखा करायची. काजूच्या बोंडांचा वास यायचा, सड्यावरून वारा यायचा, आणि आम्ही दोघंही घाई करत नव्हतो. पण मनातलं तोही बोलत नव्हता आणि मीही नाही.

पाडवा झाला आणि वायसर बसलं. इंजिन पहिल्याच हाकेला जागं झालं. त्याने ताणकाटा चक्राला लावला, मी ओढलं, आणि काटा अडीच शेरांवर थांबला. बाबा गाडीत बसले. दुखऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी चक्र फिरवलं, आणि ती दांडगी चाकं जागच्या जागी गपगुमान वळली. बाबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी पण रडले, पण माझं कारण निराळं होतं. विश्रामची पत्र्याची पेटी बांधून मांगराच्या दारात ठेवलेली मला दिसत होती.

नवी वस्तू बाहेर काढायची तर आमच्याकडे आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने नारळ हातात धरून देवाला सगळं मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. घरातलं गाऱ्हाणं नेहमी बाबा घालत, हरिश्चंद्र हे आपलं नाव देवाला सांगून. पण त्या दिवशी त्यांनी नारळ विश्रामच्या हातात दिला.

“तूच घाल रे. माका त्या मशिनीतली नावा म्हायत नायत. देवाक चुकीचा सांगूक नको.”

विश्राम गोरामोरा झाला. मग नारळ घट्ट धरला, डोळे मिटले. बाबा, अक्का, बाबली आणि महादू हात जोडून उभे राहिले. मी गाडीच्या पलीकडे.

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हरिश्चंद्राची गाडी आज सड्यार निघता, तिका वाट दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“चारय सिलिंडर सारखे पेटांदेत, पंपातला तेल गळाक नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“बाबांच्या खांद्याक तरास पडाक नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सूर आता लागला होता. महादू तर डोळे मिटून डुलत होता.

“ह्या मेस्त्र्याक मुंबयक जावचा नाय. कणकवलेकच गॅरेज घालूचा आसा, तेका यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी चपापून मान वर केली. बाकी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

“आणि हरिश्चंद्राचा चेडू मथुरा, ता हेका बायल म्हणान मिळांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” चौघंही खणखणीत ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा.

मग महादूने एक डोळा उघडला. अक्काचा हात तोंडावर गेला. बाबा तसेच हात जोडून उभे, आणि मग सावकाश वळले. “काय म्हणालंस रे तू?”

“मी म्हणालंय ता म्हणालंय,” विश्राम नारळ आणखी घट्ट धरून म्हणाला. “तुमी व्हय म्हणालास.”

“देवाफुडे म्हणालंस हां हरी,” अक्का लगेच म्हणाली.

मला मात्र राग आवरेना. मी गाडीला वळसा घालून पुढे आले. “देवाक आधी नि माका मागसून? माका इचारूक काय झाला हुता तुका? दोन म्हयने शेजारी बसलंय ना मी?”

“देव उलटा बोलणा नाय,” तो म्हणाला. “तू बोलतंस. तू नाय म्हणालंस तर... मी खंय जाव? म्हणान धीर झालो नाय.”

कुणी हसलं नाही. बाबांनी माझ्या डोक्यावर तो दुखरा हात ठेवला. “आयक गो. आमी सवयीन व्हय म्हटलाव. ता काय तुझ्यार बंधन नाय. तुझ्या मनात नसात तर सांग, मी देवाची माफी मागतंय आणि ह्या हयसरच सोडूया. पण गाऱ्हाणा अर्धा ठेवक नाय. काय ता आताच सांग.”

विश्राम नारळ धरून माझ्याकडे बघत होता. नाकावर तोच काजळीचा पट्टा. हा माणूस संध्याकाळच्या गाडीने गेला असता, तर मी कणगीत तोंड खुपसून आयुष्यभर रडले असते. मी हात जोडले.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. एकटीनेच, पण बावीपर्यंत ऐकू जाईल असं.

बाबलीने भीत भीत विचारलं, “बाबानू, आमी परत म्हणूचा काय?”

“म्हणा रे!” बाबा म्हणाले.

आणि सगळ्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, ह्या वेळी कशाला म्हणतोय ते नीट समजून.